रुखवताच्या पाकिटावरचा फोटो

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहिणं मला सोपं जातंय. तुम्ही असतात तर मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि चार ओळी झाल्या की तुम्ही म्हणाला असतात, "हे ऱ्हाऊ दे, म्होरलं वाच." तुम्ही पापड लाटत बसायचात आणि सून होऊन आलेली मी किराणा बांधून आलेल्या कागदांवरचं वाचायची. चौथीनंतरची माझी सगळी शाळा त्या कागदांची. खून, कापसाचा भाव, कुणाच्या तरी सत्काराची हकिगत, जे हाताला येईल ते. बातमीचा शेवट फाटून गेलेला असला की तुम्ही तो स्वतः लावायचात, आणि तुमच्या शेवटात माणूस कधी जगायचा नाही. आता मी पुस्तकं वाचते. ग्रंथालयातून आणते, चष्मा लावून वाचते. पुस्तकांचे शेवट फाटलेले नसतात. पण कधी कधी वाटतं, तुम्ही लावायचात तेच खरे होते.

तुम्ही गेलात तेव्हा माझं कपाळ भरलेलं होतं. त्याच्या पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुमच्या मुलाला कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध, मग परभणीचा दवाखाना, मग तिथले म्हणाले नांदेडला न्या. नेलं. येताना मी गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि ते मागं होते. ड्रायव्हरनं वाटेत एकदा विचारलं, वहिनी, पाणी पिता का. मी म्हणाले, त्यांना विचारा. ह्याच्यापेक्षा जास्त मला त्यावर लिहिता येत नाही. बरी गोष्ट एवढीच की तुम्ही ते बघायला नव्हतात.

तुमचं काम मी सोडलं नाही. अजून उन्हाळा आला की झरीतली आणि आजूबाजूची लग्नघरं आपल्याकडंच येतात. रुखवतातल्या कुरडया, शेवया, पापड, सांडगे. माझ्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यातला एक दिवस मला आजही दिसतो. पिंगळीच्या लग्नाचं काम आहे. अंगणात बाज टाकलेली, बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं. डाळ तुम्ही भिजवलीत, वाटलीत, मीठ-मिरची अंदाजानं घातलीत आणि परात घेऊन स्वैपाकघराच्या दारात उभ्या राहिलात. उंबरा ओलांडत नाही. मला म्हणता, "ये, हात लाव." मुहूर्ताचा पहिला सांडगा सवाष्णीच्या हातचा लागतो. मी येण्याआधी ते शेजारची काकू करायची, आता घरात सून आली. मी अडाण्यासारखा वेडावाकडा सांडगा घालते आणि तुम्ही दारातून म्हणता, "असू दे, शेनाची गवरी बी अशीच थापतेत पयल्यांदा."

माल वाळल्यावर लग्नघरी न्यायची पाटी भरली. मी सहज म्हणाले, आत्याबाई, केलं समदं तुमी, मग पाटी बी तुमीच घेऊन चला की. तुम्ही माझ्याकडं बघितलंत तसं पुन्हा कधी बघितलं नाही. म्हणालात, "भरल्या कपाळाची हायस म्हनून बोलायलीस. कुनी केलंय ते लोकान्ला ठाऊक हाय. ठाऊक असनं येगळं अन् म्होरं जाऊन उबं ऱ्हानं येगळं. उचल पाटी." मी पाटी उचलली. तुमच्यावरचा राग मात्र बरेच दिवस उचलून ठेवला होता. ही बाई स्वतःच स्वतःला मागं का ठेवते, असं मला वाटायचं.

मग मीच त्या दारात उभी राहायला लागले. माझ्यासाठी पहिला सांडगा शेजारची घालते. तुमच्या त्या काकूची धाकटी सून. तोंडानं फाटकी आहे, पण उन्हाळाभर सकाळी न बोलावता येते, सांडगा घालते आणि पाटी डोक्यावर घेऊन माझ्यापुढं चालते. आम्ही दोघी ह्यावर कधी काही बोललो नाही. ठरलेलंच होतं.

गेल्या पावसाळ्यात बचत गटाच्या ताईंनी मोबाइलवर एक लिंक पाठवली. बायकांना घरबसल्या धंद्याचं शिक्षण, आणि प्रत्येकीला एक मार्गदर्शक मॅडम. तुम्हाला कसं सांगू, फोनच्या काचेत छोट्या छोट्या चौकोनांत बायका बसलेल्या असतात. कुणी जालन्याकडची, लोणची करते, कुणी मशीनवर ब्लाऊज शिवते, एकीच्या मांडीवर कायम लेकरू. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून मी पिठाचा डबा वर नेऊन त्याला फोन टेकवून बसायची. माझ्या मॅडम पुण्याच्या. वयानं मला लेक शोभतील अशा. खूप गोड बोलायच्या आणि ऐकूनही घ्यायच्या. आपल्या कुरडईला गहू किती दिवस भिजवतात हे त्यांनी असं विचारलं की मला वाटलं, ही पोर आता उठून इथं येते. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या मालाच्या मागं कोण आहे?" मी म्हणाले, "मागं कुणी नाही, मीच आहे." चौकोनांतल्या बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पुढं का नाही?"

आत्याबाई, हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी मला समजावलं की आजकाल माल विकला जात नाही, माणूस विकला जातो. पाकिटावर तुमचा फोटो हवा, तुमची गोष्ट हवी. तुमच्याकडं बघून दुसऱ्या बायका उभ्या राहतील. मी नाही म्हणायला हवं होतं, कारण मला ठाऊक होतं. पण मॅडम बोलत होत्या तेव्हा ते ठाऊक असणं फार जुनं वाटायला लागलं, तुमच्याबरोबर गेलेलं. शेवटी फोटो शेजारणीनंच काढला, गच्चीवर, तिच्या मोबाइलवर. मी पदर नीट घेतला आणि तोंड मिटून उभी राहिले. ती म्हणाली, "हसा की वो अक्का. कोर्टात साक्ष द्यायला न्हाई चाललाव." मी हसले आणि तिनं तेवढ्यात काढला. फोटो चांगला आला. ते गेल्यापासून माझा एकही फोटो नव्हता, आधार कार्डाचा सोडून. फोटोखाली मॅडमनी ओळी लिहून दिल्या होत्या. पतीच्या निधनानंतर खचून न जाता स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या ताईंच्या हातची चव. पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठ्या परभणीत छापून आणल्या, चकचकीत कागद. मी एसटीत तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखी वरची चिठ्ठी वाचत होते. रुखवताच्या पाकिटावर 'निधन' हा शब्द आहे हे मला दिसत होतं. पण तोपर्यंत तो माझाच शब्द झाला होता, त्याचं काही वाटत नव्हतं.

पहिला माल पिंगळीला गेला. चार दिवसांत नवरीची आत्या पाकिटं पिशवीत घालून परत घेऊन आली. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "बाई, माल एक नंबर हाय. तुमच्या सासूपासून घ्यायलोत आमी."

"मग?"

"मग काय. तुमाला का सांगाया पायजे? पोरीचं रुखवत हाय."

"पाकीट फोडा अन् ताटात मांडा. वर फोटो राहतो का?"

"मांडलं असतं वो. माजं काय जायलंय. पर पोरीच्या सासरची मान्सं आल्ती बस्त्याला, त्येंनी बघितलं, वाचलं. तिची सासू काईच बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं." चहा तिनं सगळा प्यायला. निघताना पिशवी भिंतीशी टेकवली आणि म्हणाली, "फोटू मात्र लय ग्वाड आलाय."

ती वाईट बाई नव्हती. माझी लेक असती आणि तिचं रुखवत असतं तर मी काय केलं असतं, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत भांडी घासायला घेतली. त्यानंतर एकेक घर गळालं. कुणी फोटोचं नाव काढलं नाही. यंदा घरीच करायलोत, यंदा रुखवत लहानच ठिवायलोत, पोरीला आवडत न्हाई. मी प्रत्येकीला बरं म्हणाले. त्यांना मी विधवा आहे हे काल कळलं नव्हतं. त्यांच्यातल्या दोघी तर तेराव्याला माझ्यापाशी बसून होत्या. इतकी वर्षं ह्याच घरच्या, ह्याच हातच्या कुरडया त्यांनी नवरीच्या ताटात मांडल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवली होती आणि ती सगळ्यांना चालत होती. मी ती छापून आणली.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, असल्या लोकांसाठी तुम्ही माघार घेऊ नका." मी म्हणाले, "मॅडम, रुखवत असलेच लोक मांडतात." त्यांना राग आला होता, माझ्यावर नाही, माझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं कुणाला राग यायची सवय मला राहिली नव्हती, त्यामुळं मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्यामुळं रडते. मग त्यांनी शहरातली गिऱ्हाइकं शोधून दिली. तिथं फोटोला कुणाची हरकत नव्हती, उलट फोटो बघून दोघीतिघींनी चांगलं लिहिलं. पण कुरडई कुरियरनं जात नाही हो. पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. मी भुशात घातली, कागदात गुंडाळली, डब्यात भरली. समोरच्या बाईनं फोटो पाठवला, तळहातावर भुगा. तिनं पैसेसुद्धा परत मागितले नाहीत. लिहिलं होतं, काकू, तुमच्या हिमतीसाठी. मी ते वाचून फोन पालथा ठेवला. कुरडई चांगली झाली का, हे तिनं लिहिलंच नव्हतं.

मग एके दिवशी शेजारीण म्हणाली, "अक्का, माजं थोबाड लावा. फुकट हाय."

मी म्हणाले, "तुझं थोबाड बघून तेलाच्या आधीच कुरडई फुलंल."

"हां, मग तेल वाचंल." ती हसली, पण नजर माझ्याकडं नव्हती. "मी कुठं माजं म्हनायलेय? सांडगा मीच घालते, पाटी मीच नेते. आता फोटू लागला इतकंच. चार महिन्यांचं काम हाय तुमचं, असं घालवू नका." आत तिचा नवरा जेवत होता, तिथून ओरडला, "घ्या, आता ही पाकिटावर बी बसती. घरात कमी हाय का?"

तिच्या मनात काही नव्हतं, आत्याबाई. मी चेहरे ओळखते. नव्या चिठ्ठ्यांवर तिचा फोटो आहे, ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या हनुवटीपाशी आणलेल्या. खाली गोष्ट नाही, फक्त घरगुती असं लिहिलंय. जुन्या चिठ्ठ्या निघेनात, म्हणून मी नव्या त्यांच्यावरच चिकटवल्या. बसून, एकेक, कोपरे अंगठ्यानं दाबून. गिऱ्हाईक परत आलं, सगळं नाही, निम्मं म्हणा. पिंगळीच्या त्या आत्यानं दुसऱ्या पुतणीसाठी फोन केला आणि विचारलं, त्या फोटूतल्या बाई हायत का. मी म्हणाले, शेजारी गेल्यात. ती मला आवाजावरून ओळखते. तरी विचारलं, आणि तरी मी तसं सांगितलं.

आता शेजारणीची सून माझ्याकडं कुरडईचा गव्हाचा चीक शिजवायला शिकते. हात चांगला आहे पोरीचा. मी तिला काही लपवत नाही, लपवून तरी कुणासाठी ठेवू. येत्या एखाद्या उन्हाळ्यात हे काम त्या घरी होईल. ज्यांचा फोटो, त्यांचं घर, लोक तिकडंच जाणार. हे मला कळलंय, शेजारणीलाही कळलंय. ती हल्ली माझ्या अंगणात आली की आधीसारखी फाटक्या तोंडानं बोलत नाही, जपून बोलते. मला तेच जास्त लागतं. तुम्ही बरोबर होतात असं लिहायला माझा हात धजत नाही. चूक होतात असंही म्हणता येत नाही. तुम्हाला निदान दार होतं उभं राहायला.

परवा शिक्षणाचा शेवटचा वर्ग झाला. प्रत्येकीनं आपला माल हातात धरून कॅमेऱ्यापुढं दाखवायचा होता आणि दोन शब्द बोलायचे होते. लोणचंवालीनं बरणी दाखवली, तिच्या लेकरानं झाकण ओढलं. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. माझा नंबर येत होता. पाकीट माझ्या मांडीवर होतं, त्यावर शेजारीण हसत होती. मॅडमनी माझं नाव घेतलं तेव्हा मी फोन बंद केला. नंतर त्यांना निरोप पाठवला की आमच्याकडं ऐन वेळी रेंज गेली, माफ करा. त्यांचं लगेच उत्तर आलं, काही हरकत नाही ताई, तुमचा मला अभिमान आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि मॅडमना पाठवावं असं एकदा मनात आलं होतं, तेही जाऊ दे. आभाळ मोकळं होतं, आत्याबाई. रेंज होती.