चक्रमुद्रण यंत्र शेवटची ओळ छापत नसल्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
बोरजाई कालवा उपविभाग, जि. परभणी

विषय : यंत्राची तळची ओळ कोरी राहणे, व पद्माबाईवरील फिर्याद मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझी तीन पत्रे, आपले एकच उत्तर, "शाईची मागणी विहित नमुन्यात करावी."

महोदय,

१. पाण्याच्या पाळ्यांचे पत्रक स्टेन्सिलवर कापून छापणे हे शाखा कार्यालयात माझे काम. खंडेनवमीला शिपाई ग्यानोबाने हत्यार म्हणून यंत्राची पूजा केली आणि नारळ यंत्राच्याच कडेवर फोडला. गोड पाणी रुळात शिरले. खोबरे मीही खाल्ले. तेव्हापासून तळची ओळ उमटत नाही.

२. शाई बदलली, स्टेन्सिल तीनदा कापले, रूळ रॉकेलने पुसला. यंत्र ढिम्म. ओळ वर घ्यावी तर नमुना बदलतो, हाताने लिहावी तर ग्राह्य नाही, असे आपल्याच कार्यालयाने खडसावले.

३. कालव्याच्या शेपटाला जमीन जळबाची, म्हणून पत्रकात शेवटचे नाव त्याचे. गेल्या मंगळवारी तो आपल्या पाळीला पाण्याच्या चारीचे दार उघडायला गेला. वरच्या शेताच्या उत्तमरावाने पत्रक पुढे धरले, "कागदावर नाव दाखव, मंग पाण्याला हात लाव." जळबा हटला नाही. उत्तमरावासह चौघांनी त्याला फावड्यांनी मारले, पाडून मारले, हात मोडेपर्यंत मारले, मग तोंड चारीत दाबले. डोके फुटले. लाल पाणी उत्तमरावाच्या गव्हात गेले. पंचनाम्याला मी होतो साहेब.

४. बुधवारी त्याची बायको पद्माबाई कार्यालयात आली. "तुमच्या कागदावर माझा नवरा न्हाई, तर दवाखान्यात कोण पडून राहिलं?" असे म्हणून तिने यंत्रावर दगड हाणला. फुटली ती फक्त शाईची बाटली. ग्यानोबाने तिला फरफटत बाहेर काढले. फिर्यादीत मात्र यंत्राचा चुराडा तिने केला असे आहे, आणि साक्षीदाराची सही माझी आहे. ती पाच दिवस कोठडीत आहे. जळबाला घोटभर पाणी पाजायला कोणी नाही.

५. ती साक्ष खोटी आहे. तिला बाहेर नेताच मी पहार उचलली. झाकण, रूळ, मूठ, सगळे फोडले. हात थांबेनात. तेथे उत्तमराव असता तर त्यालाही सोडले नसते, हे लपवत नाही. शाखाधिकारी आल्यावर मात्र मी बोट तिच्याकडे दाखवले. मला स्वतःची लाज वाटते.

६. सबब विनंती की, तिच्यावरील फिर्याद मागे घेऊन ती माझ्यावर करावी. यंत्रदुरुस्तीसाठी माणूस पाठवू नये, दुरुस्त करण्याजोगे काही उरलेले नाही. मूळ स्टेन्सिल उजेडाला धरल्यास जळबाचे नाव, मंगळवार, सकाळी सहा, स्वच्छ वाचता येते. ते पोलिसांस दाखवावे.

या अर्जाची दुसरी प्रत घेऊन मी आताच ठाण्यात जात आहे. उत्तर द्यावयाचे झाल्यास तेथील पत्त्यावर द्यावे.

अजून सेवेत असल्यास आपला नम्र,
हरिचंद मुंजाजी पाईकराव
कनिष्ठ लिपिक
मु. हट्टा, ता. वसमत
दि. २ डिसेंबर १९७४

सोबत :
१) मूळ स्टेन्सिल.
२) साक्ष खोटी असल्याचा माझ्या सहीचा कागद.