शेवटच्या क्वार्टरचे वाढवलेले गोल

गुदैबिया, आखात, ऑगस्ट १९८१, सोमवार संध्याकाळ

ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन साहेबांसाठी मी त्यांच्या तिकडच्या फुटबॉलचे तक्ते करतो. पेपर पोस्टाने उशिरा येतात, मग प्रत्येक मॅचचे चारही क्वार्टर वेगवेगळे मांडायचे. त्यांची टीम शेवटच्या क्वार्टरलाच ढेपाळते. दर वेळी. ते बघितलं की साहेबांचं डोकं फिरतं.

आणि आज मला रजा मागायची होती. बाबा सिव्हिलमध्ये आहेत, आईचं पत्र आलंय. म्हणून शेवटच्या क्वार्टरचे गोल मी थोडे वाढवले. साहेब खूष झाले की सही करतील, एवढंच डोक्यात. कशाला केलं मी हे?

त्यांनी पेपर काढून बेरीज ताडून पाहिली, ती जुळली नाही. मग माझा अर्ज आणि आईचं पत्र उचललं. मराठी त्यांना कुठे वाचता येतं.

"तू कथा लिहितोस ना?" म्हणाले. "मग हेही तूच लिहिलं असशील."

खोलीवर आल्यावर रूममेटला, वसईच्या फ्रान्सिसला सांगितलं.

"अरे येड्या, नुसता रडला असतास तरी सही मिळाली असती. आता खलास."

आईला पत्र लिहायला बसलोय. रजा का नाही मिळाली, ते खरं लिहिलं तर तिलाही रचलेलंच वाटेल.