चूल सरकारच्या जमिनीत

ओढ्याकाठी, नेब्रास्का
फेब्रुवारी सरत आला

ड्रुसिलाताईस,

नमस्कार मागाहून घालते, आधी ऐकून घे. माझ्या घराची चूल माझ्या जमिनीत नाही. खाट माझ्या जमिनीत, कपड्यांची पेटी माझ्या जमिनीत, उंबरा अर्धा माझ्या जमिनीत. आणि चूल, खिडकी, पिठाचं पिंप हे सगळं पलीकडच्या सरकारी जमिनीत, जी अजून कोणी घेतलेली नाही. म्हणजे सकाळी उठून कॉफी टाकायची तर मला सरकारकडे पाहुणी म्हणून जावं लागतं. मातीच्या छतातून अधूनमधून साप पडतो, तो मात्र नेमका माझ्या बाजूला पडतो. आणि उद्या त्या पलीकडच्या जमिनीवर कोणी आपलं नाव लावलं, की माझं अर्धं घर त्याचं. भांडायला जागा नाही.

हं, आता नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या लेकाचा, एडविनचा, खोकला गेला का? तुझ्या सुनेचं विचारत नाही, अल्मायरा ठणठणीतच असणार (ती आजारी पडत नाही, दुसऱ्यांना पाडते). मी बरी आहे. दोन दात गेले, पण ते तसेही कामचुकारच होते.

तर हे झालं कसं ते सांगते. इथे मोजणीची साखळी कोणाकडे नसते. गाडीच्या चाकाला फडकं बांधायचं, गाडी सरळ हाकायची आणि फडकं किती वेळा वर आलं ते मोजत जायचं, अशी रीत. माझा शेजारी ऑस्मुंड (नॉर्वेचा, साठीचा, एकटा, दाढीत कायम काहीतरी अडकलेलं) म्हणाला, मी मोजून देतो. हिशोब त्याने केला मागच्या चाकाचा. फडकं बांधलं पुढच्या चाकाला, कारण ते बसल्या जागेवरून दिसतं, मान वळवायला नको. आता पुढचं चाक लहान असतं हे आपल्या ओहायोतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पूर्वेच्या खुणेच्या दगडापासून माझ्या हद्दीपर्यंत यायचं, पण फेरे पुरे झाले म्हणून आम्ही खूप अलीकडेच थांबलो, तिथे ऑस्मुंडने खुंटी ठोकली आणि ओव्या म्हटल्यासारखं काहीतरी पुटपुटला. मी खुंटीच्या बरंच आत, ओढा जवळ पडेल असं घर बांधलं. शहाणपण केलं असं वाटलं होतं. शरद संपता संपता सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला आणि खरी हद्द निघाली ती थेट घराच्या पोटातून. ऑस्मुंडने टोपी काढली, चाकाकडे बघितलं, टोपी परत घातली आणि म्हणाला, "केझायाबाई, झोप तुझी, भाकरी सरकारची." त्या दिवशी मी त्याला इतकं बोलले की त्याच्या बैलांनीही माना खाली घातल्या.

पण ताई, खोटं कशाला लिहू. ह्या घराच्या भिंतींची ढेकळं ह्याच माणसाने नांगरून काढली, गवताच्या मुळांसकट, विटांसारखी कापून. ओढ्यापलीकडच्या जर्मन बायकांनी ती माझ्याबरोबर रचली, शिवाय येताना घरून डुकराचं मांस आणि सुक्या सफरचंदांची थाळी घेऊन आल्या, आणि माझी मक्याची भाकरी खाऊन काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. जानेवारीत वादळ आलं त्याच्या आदल्या दिवशी ऑस्मुंड आभाळाकडे बघत आला आणि घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून गेला. मी म्हटलं, गोठा काय पळून जातोय? दुसऱ्या दिवशी मला स्वतःचा हात दिसेना. तो दोर धरून मी गाईपर्यंत गेले आणि परत आले. दोर नसता तर मी वसंतात सापडले असते, तीही कुठल्या जमिनीत ते देव जाणे.

आणि आत आल्यावर चूल होती. तुझी चूल. नवी आणली म्हणून अल्मायराने ती मागच्या अंगणात काढून ठेवली, आणि तू मला म्हणालीस, "केझी, घेऊन जा, मला आता काय करायची आहे." अर्ध्या वाटेत गाडीवाला म्हणत होता, हे लोखंड फेकून द्या, बैल मरतील. मी म्हटलं, त्याआधी तू उतर आणि चाल. तो चालला. वादळाच्या त्या दिवसांत गोवऱ्या आणि पिळलेलं गवत खाऊन तिने मला जिवंत ठेवलं. मी रोज रात्री देवाचं नाव घेते आणि मग तुझं (क्रम चुकत असेल तर देव समजून घेईल, तुझ्या चुलीशी त्याचाही परिचय आहे).

आता खरी कटकट. गेल्या आठवड्यात फेनविक नावाचा एक तरणा माणूस जमीन बघत फिरत आला. थंडी होती, आत घेतला, घेवडा वाढला. जेवून झाल्यावर त्याने चुलीला पाय लावले, भिंतीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "मावशी, हद्द नेमकी कुठून जाते?" मी सांगितली. तर म्हणतो, "म्हणजे चूल माझ्याकडे येईल. खिडकीखाली माझी खाट छान बसेल." मी त्याला उरलेली भाकरी बांधून दिली आणि दार दाखवलं. दार दोन्ही जमिनींत आहे, त्यामुळे कुठल्या हक्काने हाकललं ते त्याला कळलं नाही. पण एप्रिल संपता संपता, त्याच्या भावाची पेरणी झाली की, तो जमीन-कचेरीत जाणार आहे. माझ्या नावावर एक जमीन आहे, दुसरी मला मिळत नाही. आणि घर हलवणं काही होण्यासारखं नाही. तेव्हा काय करावं ते सुचत नाही, एवढंच.

एडविनला आशीर्वाद. अल्मायराला काय द्यायचं ते तूच ठरव.

तुझी धाकटी,
केझाया

ता. क. जमीन विधवेलाही मिळते, फक्त कचेरीत स्वतः उभं राहून नाव लावावं लागतं आणि आपल्या हद्दीत राहावं लागतं. देवाने आपल्या दोघींचं जे नेलं, त्यावर सरकारला एवढं तरी सुचलं. उगाच सांगितलं.

ता. क. तुझ्या गेल्या तीन पत्रांत तू काय रांधलंस ते कुठेच नाही. पूर्वी तू दुसरं काही लिहीतच नव्हतीस. अल्मायरा तुला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही ना? मला शाळा कमी आहे, ताई, पण वाचता येतं.

ता. क. घर हलत नाही हे खोटं. ऑस्मुंड ढेकळं उतरवून सगळं घर माझ्या हद्दीत रचून द्यायला कधीचा तयार आहे, रोज विचारतो. मी त्याला सांगितलं, भिंतीला हात लावलास तर दाढी पेटवीन. चूल जिथे आहे तिथेच राहील. ती तुझी आहे आणि तुझ्याच जमिनीत आहे, नाव तेवढं लावायचं राहिलंय. राख काढायचं कामही तुझंच. आगगाडी जिथे संपते तिथे ऑस्मुंड गाडी घेऊन येईल (अंतर मोजायला सांगू नकोस). ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत हो की नाही ते कळव. नाही असेल तर कारण लिही, आणि त्यात अल्मायराचं नाव असलं तर ते मी धरणार नाही.