तंबोरा कुठं गेला?

उरवडे, १३ जानेवारी २०२५

चि. मेधा हीस दादाचे उदंड आशीर्वाद.

आपल्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि शेवटची ओळ संपली तरी पत्र्याखाली काहीतरी घुमत राहायचं, आठवतं? गुरुजी फळा पुसायला वळलेले, मुलं गप्प, आणि वर तो नाद अजून आहेच. आज चहा पिताना तो कानात आला. गाणं म्हणून मला जे काही कळलं ते त्या पत्र्याखाली कळलं.

आमचा रविवारचा श्रवणवर्ग तुला ठाऊक आहेच. ओसरीवर सातआठ माणसं जमतात. वरच्या खोलीतले भाडेकरू सौरभ आणि मृण्मयी (दोघं हिंजवडीला जातात), कारखान्यातला कैलास, शेजारची साळूबाई. गाण्याचे प्रकार मी काळाच्या क्रमानं, ध्वनिमुद्रणं लावून ऐकवतो. प्रबंध आता कुठं ऐकायला मिळत नाही, म्हणून त्याची नुसती गोष्ट सांगितली. मग पखवाजासकट धृपद. आता ख्यालाची पाळी.

पण मेधा, वर्ग बंद करतोय. किशोरनं दसऱ्याला कानाचं मशीन घेऊन दिलं, त्यानं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. साळूबाई कुंपणापलीकडून मला काय काय म्हणते तेही आता कळतं, ते न कळलेलं बरं होतं. तंबोरा मात्र क्षणभर वाजतो आणि पाण्यात साखर विरघळावी तसा नाहीसा होतो. लांबवलेला षड्ज डगमगतो. काल सगळ्यांदेखत मी सांगून बसलो की हे धृपदिये बेसूर आहेत! सौरभ चपापला. साळूबाई म्हणाली, मास्तर, मला तर लई ग्वाड लागतंय, तुमचंच कायतरी बिनसलंय. मशीन काढलं तर सगळंच कापसात गुंडाळल्यासारखं. तंबोरा ऐकू न येणाऱ्यानं कुणाला काय शिकवावं? तुझ्याकडं सांगलीला जातोय असं त्यांना सांगणार आहे. किशोरला यातलं काही कळवू नकोस, पोरानं हौसेनं आणलंय.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा दादा


सांगली, २० जानेवारी

ती. दादास मेधाचा साष्टांग नमस्कार.

कळवू नकोस म्हणालास, म्हणून लगेच फोन करून कळवलं. रागाव हवं तर. आणि माझ्या नावावर खोटं बोलणार असशील तर खरंच निघून ये, ओले हरभरे आलेत.

किशोर आधी हसला. म्हणाला, आत्या, मशीन लावताना डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, नुसतं बोलण्यासाठी हवं की गाण्यासाठीही? नाना समोर बसून मान डोलवत होते! तुला एक अक्षर ऐकू आलं नसणार, दादा, आणि ते कबूल करायची तुला लाज. मग किशोरनंच डॉक्टरबाईंना सांगितलं, फक्त बोलण्याचं करा. ते यंत्र एकसारख्या आवाजाला गोंगाट समजून दाबतं म्हणे. तुझा तंबोरा त्याच्या लेखी पंख्याची घरघर! गाण्याचंही बसवून मिळतं, तो केव्हाही घेऊन जाईल.

मग म्हणाला, लहानपणी काहीही सांगायला गेलो की गाणं चालू असायचं आणि नाना हातानंच थांब म्हणायचे. समेवर आल्यावर सांग म्हणायचे. वाटलं, एकदा तरी आपलं पुरतं ऐकतील. मी विचारलं, मग बोललास का जाऊन? तर म्हणे, धीर होत नाही. सूसच्या घरून येतो, चहा घेतो, जातो.

दादा, मला रडू आलं. तुला ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

तब्येत जप, माझ्यावरची माया तशीच असू दे.
मेधा


उरवडे, २ फेब्रुवारी

चि. मेधा हीस अनेक शुभाशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र खिशात घेऊन हिंडत होतो.

सांगलीची थाप मारली नाही. आज सकाळच्या वर्गात सांगून टाकलं की मला तंबोरा ऐकू येत नाही, आणि ते धृपदिये सुरेलच होते. साळूबाई म्हणाली, मंग आमी काय म्हनत व्हतो! मृण्मयीनं मात्र विचारलं, काका, तो कसा असतो ते सांगा, आम्ही शोधतो. मी म्हटलं, डोळे मिटा, गाणाऱ्याला सोडून द्या, तो ज्याला टेकून बसलाय ते ऐका. विलंबित ख्याल लावला. थोड्या वेळानं कैलास ओरडलाच, घावला! एकेक चेहरा उजळत गेला. मला काही ऐकू येत नव्हतं, मेधा, पण तंबोरा कुठं कुठं पोचतोय ते दिसत होतं.

म्हणून वर्ग चालू ठेवतोय. पुढं ठुमरी, मग तुझी लाडकी नाट्यपदं. गाण्याची सोय मात्र यंत्रात इतक्यात बसवणार नाही. आधी किशोरचं ऐकायचंय. त्याला बोलवावं कसं तेच सुचत नाही. दोनदा पत्राला बसलो, आशीर्वादापुढं हात चालेना. मुलाला ये, बोल, असं लिहायची सवयच नाही.

तुझी माया आहे तोवर मला कशाची वाण नाही.
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच अंगणात कुणीतरी साळूबाईला विचारलं, नाना एकटेच हायेत का? खालच्या पट्टीतला, भरदार, किंचित खरखरीत आवाज. वर्गाची चौकशी करायला आलेला कुणी नवा माणूस असेल असं वाटलं. दार उघडलं तर किशोर. मला माझ्या मुलाचा आवाज ओळखता आला नाही गं. तो उंबऱ्यात उभा आहे, मी त्याला आत घेतो.