पप्पांच्या पेरूसाठी बॅटरीचा पंप

डिमोना,
ऑगस्ट २००५

प्रिय पप्पा,

फवारणीच्या पंपाविषयी जिवंत माणसांशी बोलून बोलून मला इतका वीट आलाय, की शेवटी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही निदान मध्ये बोलणार नाही. जन्मभर मध्ये बोललात, आता माझी पाळी.

आधी तुमच्या पेरूची हकिकत. पानांखाली पिठ्या ढेकूण बसलाय, जणू कोणी ओल्या कापसाचे बोळे चघळून चिकटवलेत. त्यांच्या चिकट घाणीवर काळी बुरशी, बुरशीवर मुंग्या. परवा एक पान उलटं करून पाहिलं आणि साबणाची अर्धी वडी हातावर संपवली. सीताफळाची तीच गत. कढीलिंब तेवढा वाचलाय. या वाळवंटात फळं पिकवायचा हट्ट धरलात, पण इथे आपल्यासारखं किड्यांनाही ताबडतोब नागरिकत्व मिळतं, हे कसं नाही सांगितलंत?

एझ्राचं म्हणणं, सगळं तोडा, फरश्या घाला, वर प्लास्टिकचं छत टाका. तुमचा हा मुलगा नेतिवोतहून महिन्या-दोन महिन्यांनी येतो, पेरू खातो आणि झाड तोडायचा सल्ला देऊन जातो. धाकटा म्हणून मी त्याचं ऐकते. ऐकते एवढंच.

पण आई! पुढच्या महिन्यात तुमचं वर्ष. त्या दिवशी प्रार्थनेच्या मलिद्याच्या ताटात, गोड पोह्यांच्या बाजूला, तुमच्याच झाडाचे पेरू हवेत, बाजारचे चालायचे नाहीत, हे तिने ठरवून टाकलंय. आणि त्यासाठी तिने काय केलं, माहीत आहे? तुमचा जुना पंप पाठीवर घेतला. या वयात!

तो पंप! नुसतं नाव काढलं तरी नाकात वास शिरतो. झाकणाचं रबर कधीच गेलेलं, तुटक्या पट्ट्याच्या जागी आईच्या पातळाची चिंधी, आणि दांडा हलवला की औषध तुमच्या पाठीवरून ओघळत पार कमरेपर्यंत. तसेच ओल्या सदऱ्याने जेवायला बसायचात. मी ओरडले की म्हणायचात, "झाडाचं औषध आहे गं, माणसाला काय होतंय?" कारखान्यात हातमोजे न घालणाऱ्यांना दम भरणारे फोरमन तुम्ही, आणि घरी बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळायचात. ही कुठली अक्कल, पप्पा?

गेल्या महिन्यात आईची पाठ पाहिली. मानेखालून थेट लाल पट्टा आणि बारीक फोड. मला दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात बंद गळ्याचं पोलकं घालून बसली होती. मला तिचा राग नाही आला. किळस आली, त्या पंपाची. थोडी तुमचीही. हो, तुमचीही.

म्हणून बॅटरीचा पंप घ्यायचं ठरलं. दांडा नको, गळती नको. आईला घेऊन बसने बेर शेव्याला गेले, आणि तिथून माझ्या शिसारीचा दुसरा अध्याय सुरू झाला.

दुकानदार आईला "सावता, सावता" करत सुटला, म्हणजे आजी. त्याची स्वतःची आजी असती तर तिलाही त्याने वीस लिटरचा पंप विकला असता. मोठी टाकी, मोठी बॅटरी, मोठं सगळं. रिकामा पंप एका बोटावर उचलून दाखवत होता. आई मला मराठीत म्हणाली, "त्याला म्हणावं, भरून दाखव." भरायला लावला. मग काउंटरला धरून उठताना त्याचं तोंड जे झालं, ते तुम्ही पाहायला हवं होतं! आत शिशाची बॅटरी, वर वीस लिटर पाणी. आईची निम्मी हाडं त्यात मोडली असती.

मग आम्ही आमच्या पद्धतीने निवडला. लहान टाकी, रुंद गादीचे पट्टे, झाकणाला जाड रबर. आईने भरलेला पंप पालथा करून स्वतःचा हात खाली धरला. थेंब पडला नाही, तेव्हा कुठे हो म्हणाली. पंपाच्या गुणांचा कागद दुकानदार वाचत राहिला, ऐकायला कोणी नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी सकाळी साबणाचं आणि लिंबोळीच्या तेलाचं पाणी भरून मी फवारायला लागले. पेरूचं एक अंग झालं, आणि पंप दमेकऱ्यासारखा घरघरून थांबला. पुढच्या खेपेला तेच. फवारायच्या आदल्या संध्याकाळी कोठीत माझ्या हाताने चार्जर लावत होते, लाल दिवा पेटलेला पाहत होते. सकाळी दिवा विझलेला. म्हणजे भरली ना बॅटरी?

मी पंप मांडीवर घेऊन बसमधून परत बेर शेव्याला. शेजारचा सैनिक वास घेऊन उठला आणि सगळा रस्ता उभा राहिला. दुकानात मी जे हिब्रू बोलले, ते तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं. दुकानदाराने पंप एक रात्र ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्याने रस्त्यावरची झाडं धुतली, फुटपाथ धुतला, स्वतःची गाडी धुतली. पंप थांबेना. वेड्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहत त्याने तो माझ्या हवाली केला.

घरी आणला, संध्याकाळी चार्जर लावला, आणि सकाळी पुन्हा मेला. मी घाम पुसत आत गेले, बाहेर आले, तर आई पेरूखाली उभी. पाठीवर तुमचा जुना पंप, पातळाच्या चिंधीला गाठ मारत होती.

"आई, काढ ते आधी."

"तुझा दमतो. हा नाही दमत."

मी तिच्या पाठीवरून तो ओढून काढला. माझे हात बरबटले. दुकानदाराला, बॅटरीला, साऱ्या जगाला शिव्या घालत होते, तर ती शांतपणे म्हणाली, "रात्रभर वीज कुठून मिळणार त्याला? दहाला बंद होते ना ती."

प्लगची वायर कुठे जाते ते पाहायला मी कोठीतलं कपाट सरकवलं. मागे तुमचं शब्बातचं घड्याळ! शब्बातच्या विसाव्याच्या दिवशी बटणाला हात लागू नये म्हणून दिवा आपोआप लावणारं, आपोआप विझवणारं. अंगणातल्या दिव्यासाठी बसवलंत आणि कोठीतला प्लगसुद्धा त्याच वायरीवर जोडून मोकळे झालात. वर्षभर ते टिकटिकतंय. अंधार पडला की वीज, दहा वाजले की बंद. मी बिचाऱ्या दुकानदाराचा उद्धार करत होते, आणि माझ्या बॅटरीची वीज दर वेळी तुम्ही तोडत होतात!

मी घड्याळ उपटायला हात घातला. आईला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"तू पंपाचं विचारत होतीस. दिव्याचं कोणी विचारलं?" मग अंगणाकडे पाहत, "मी बसते ना अंगणात. तुझे पप्पा दिवा बंद करतात, मग मी आत येते."

करतात म्हणाली, पप्पा. करायचे नाही.

मी हात काढून घेतला.

आता चार्जर स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी आहे. मला ती किळस चालेल. पेरूची सगळी अंगं फवारून झाली. फवारते मी, हुकूम आई सोडते. ढेकूण वाळून गळतायत. त्यांचं वर्ष कोणी करणार नाही.

तुमचा पंप मी भंगारवाल्याला देणार नाही, तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर चढेल. हातोड्याने फोडणार आहे, रागावू नका. रागावलात तरी फोडणार.

घड्याळाला मात्र मी हात लावणार नाही, आणि एझ्रालाही लावू देणार नाही. दिवा रोज तुम्हीच बंद करा. आणि तुमच्या वर्षाला ताटात तुमचेच पेरू असतील, ते ठेवणाऱ्या बाईची पाठ कोरडी असेल. एवढं वचन घ्या.

तुमची, अजून रागावलेली,
मोझेल