टेसच्या दुकानातल्या दोन दुर्बिणी

लुइसटाउन, मोंटाना
४ ऑक्टोबर

प्रिय लॉर्ना,

खुशाल असशील. इकडे डोंगरमाथ्यावर बर्फ पडून गेलं, गाई खालच्या कुरणात आणल्या आणि तुझ्या भावाचं तोंड नेहमीसारखं चालू आहे.

एल्डनने रायफलीसाठी नवी दुर्बीण घेतली का, असं तू विचारलं होतंस. घेतली. पण ते सरळ झालं नाही.

गेल्या मोसमात त्याचं हरीण हुकलं. समोर निवांत उभं होतं. "ही स्वस्तातली दुर्बीण! बार उडाला की जागची हलते," म्हणून चरफडला. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्याने ट्रक फाटकाच्या खांबाला घासला.

ऑगस्टमध्ये टेसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. तिने दोन दुर्बिणी काढल्या, एक साधी आणि एक तिच्या चौपट किमतीची.

"भर उन्हात दोन्ही छानच दिसतात," ती म्हणाली. "फरक बघायचाय तर अंधारून येऊ द्या. हरणंही तेव्हाच बाहेर पडतात."

संध्याकाळी तिने आम्हाला मागच्या दाराशी नेलं. पलीकडच्या धान्याच्या कोठारावर रंगवलेली अक्षरं मी आधी वाचली. साध्या दुर्बिणीतून ती अंधारात विरघळत होती, महागातल्या दुर्बिणीतून लख्ख दिसत होती. मग एल्डनने पाहिलं. ही, ती, परत ही.

"दोन्ही भिकार! टेस, काचा पुसत जा गं जरा."

टेसने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर त्याने ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. अर्ध्या वाटेत म्हणाला, "डॅडचं असंच सुरू झालं होतं."

तुला काय सांगायचं, शेवटी त्यांना घास तूच भरवायचीस. डोंगराकडे तोंड करून बसायचे आणि बर्फ पडलं का, म्हणून विचारायचे.

"मग डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

"आणि तेच निघालं तर?"

"निघालं तर निघालं. डॅड गेले नाहीत डॉक्टरकडे, त्यांचं काय वाचलं?"

त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी बघते तर टोपी घालून ट्रकमध्ये बसलेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

डॅडसारखा काचबिंदू नाही, लॉर्ना. मोतीबिंदू निघाला, साधा मोतीबिंदू. त्याने डॉक्टरीणबाईंना ते दोनदा म्हणायला लावलं. बाहेर येऊन ट्रकला टेकून रडला. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाला, "नेडीन, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तू बघायचा थांबलास तेव्हा."

परवा संध्याकाळी पुन्हा टेसकडे गेलो. महागातल्या दुर्बिणीतून त्याने सगळी अक्षरं मोठ्याने वाचली, खाली कोपऱ्यातलं रंगाऱ्याचं नावसुद्धा! तीच घेतली आणि माझ्या रायफलीवर चढवली. ऑपरेशनमुळे यंदा त्याला बंदुकीचा खांद्यावरचा धक्का चालणार नाही, म्हणून शिकार मी करायची आणि त्याने मागे उभं राहून चुका काढायच्या.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांत ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. पेट्रोल महाग झालं म्हणून गाडी चालवणं सोडलंस, असं लिहितेस. एल्डनने ती पत्रं आता स्वतः वाचली आणि उठून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

तुझाही मोतीबिंदूच असेल कदाचित. डॅडचंच असलं तरी लवकर सापडलं तर औषधाच्या थेंबांनी आवरता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंधरा तारखेची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी एल्डन तुला न्यायला येतोय, स्वतः गाडी चालवत. नाही म्हणालीस तर दारात भोंगा वाजवत बसेल. त्याला ओळखतेस.

हे सगळं मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिणारी,
तुझी नेडीन