न मागितलेली मोजणी

मंगळवार, ९ तारीख

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझं पत्र पोचलं. सभागृहातलं माझं भाषण भावोजींनी उशीला टेकून रेडिओवर ऐकलं, "बघा, आमचा धाकटा कसा गरजतो!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि मग पाऊण तास खोकत राहिले, हे वाचलं.

आमच्याच पक्षानं आणलेल्या कायद्याविरुद्धचं भाषण चांगलंच झालं. कामगाराला कोर्टाचं दार बंद करतो तो कायदा नव्हे, कुलूप आहे, असं मी म्हणालो. चाळीस मिनिटं बोललो. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली.

पुढचं रेडिओनं ऐकवलं नाही. भाषणं संपली की सभापती आधी 'हो'वाल्यांना आणि मग 'नाही'वाल्यांना ओरडायला सांगतात. आवाज कुणाचा मोठा ते तेच ठरवतात, आणि सभापती आमच्याच पक्षाचे. पण एका जरी सदस्यानं उभं राहून मोजणी मागितली, तर दारं लावून एकेक डोकं मोजावं लागतं. त्या दुपारी आमचे निम्मे लोक जेवायला गेले होते. मोजणी झाली असती तर कायदा पडला असता.

सकाळीच पक्षाध्यक्ष म्हणाले होते, "वकीलसाहेब, हवं तेवढं गरजा, लोकांना बरं वाटतं. फक्त मोजणी मागू नका. कायदा खातं रिकामंच आहे."

मी बसून राहिलो. मंत्री झालो की दुरुस्ती आणीन, असं मनाशी म्हणालो. समोरच्या वकिलानं असा युक्तिवाद केला असता तर मी त्याच्या चिंध्या केल्या असत्या.

बाहेर अध्यक्षांनी पाठ थोपटली. "साडेचारशे दावे एका आवाजात गेले! सुंठीवाचून खोकला गेला!" मी हसलो, ताई.

हो, चालू दावेही संपले. आपलाही. चौदा वर्षं तू एक तारीख चुकवली नाहीस. "भरपाईचं राहू दे, ह्यांची छाती दगडाच्या भुकटीनं गेली, विडीनं नाही, एवढं कोर्टानं लिहून द्यावं," म्हणायचीस. कारखान्याच्या वकिलानं विडीचं नाव काढलं तेव्हा तू मागून ओरडलीस, "अहो, ह्यांना चुलीचा धूर सोसत नाही, विडी कसली ओढतात!" न्यायाधीशही हसले होते.

सोमवारी ते दोन ओळी वाचतील आणि फाइल बांधतील. ते वाक्य आता कुणीच लिहून देणार नाही. तू कोर्टात येऊ नकोस. तीन जिने आहेत, आणि वर काही नाही.

भावोजींना काय सांगायचं ते तू ठरव. मला शब्द सुचत नाहीत, असं लिहिलं तर तुला ते खरं वाटणार नाही.

गुरुवारी माझा शपथविधी. मंत्र्याला वकिली करता येत नाही, म्हणून तुमचं वकीलपत्र सोबत परत पाठवतो. खाली भावोजींची सही आहे. तेव्हा त्यांचा हात किती स्थिर होता!

उत्तर मागायचा हक्क मला नाही.

तुझा,
धाकटा